कवडसा माजघरात आणताना: आरशाची नोंद, ऑगस्ट ते फेब्रुवारी

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. रुंदीला ११ फूट, लांबीला ४२. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या सामाईक भिंती, त्यामुळं खिडकी काढायचा विषयच नाही. पूर्वेच्या सोप्यात सकाळचं ऊन, पश्चिमेच्या परसात संध्याकाळचं, आणि मधल्या माजघरात भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय सुईत दोरा जात नाही. माजघराला लागून जिना आहे. त्याच्यावर छपरात दोन काचेची कौलं बसवलेली. त्यांचा कवडसा सकाळी जिन्याच्या भिंतीवर तासभर बसतो आणि जातो. तो माजघरात आणायचा, एवढंच डोक्यात होतं.

ऑगस्ट

सुरुवात सगळे करतात तशीच केली: मोठा आरसा घ्यायचा आणि भिंतीला ठोकायचा. काचवाल्या मामांकडून ४ बाय ३ फुटांचा, ५ मिलिमीटर जाडीचा कापून घेतला. काचेच्या वजनाचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. म्हणजे हा आरसा जवळजवळ १४ किलोंचा. आमच्या भिंती भेंड्याच्या, म्हणजे मातीच्या विटांच्या. ड्रिल लावलं की भोकातून पिठासारखी माती गळते, हे दिसत असूनही मी चार प्लग ठोकले. वर सिलिकॉनही लावलं.

तिसऱ्या रात्री अडीच वाजता वरचे दोन्ही प्लग मातीसकट बाहेर आले. खाली गाद्यांची चळत होती म्हणून आरसा शाबूत राहिला. आई म्हणाली, "देवाला हात जोड, आणि परत माझ्या भिंतीला भोक पाडलंस तर बघ." तेव्हापासून नियम एकच: वजन जमिनीवर, भिंतीला नुसता टेकू.

खरं तर पडला ते बरंच झालं. आरशासमोर आमची डब्यांची मांडणी होती आणि वर कपडे वाळत घालायची दोरी. तीन दिवस घरात दुप्पट डबे आणि दुप्पट टॉवेल होते. उजेड मात्र तेवढाच. पानपट्टीवाले आणि गुजरीतले सराफ हे कधीचं ओळखून आहेत. ते आरसा लावतात तो मालासमोर, कारण त्यांना माल दुप्पट दिसायला हवा असतो. आपल्याला काय दुप्पट हवंय ते आधी ठरवायचं. मी ठरवलंच नव्हतं.

सप्टेंबर

गणपतीच्या साफसफाईत आरसा उचलला तर खालच्या कडेला काळे ठिपके. ओल आहेच, पण निम्मा दोष सिलिकॉनचा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून सुटणारं आम्ल मागचा थर खातं. आरशासाठी 'न्यूट्रल' असं छापलेली नळी मागायची. मी दुकानात विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आपण अजून "पारा उडाला" म्हणतो, पण उडते ती चांदी. पूर्वी काचेमागं कथील आणि पारा असायचा. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८३५ मध्ये काचेवर चांदीचा पातळ थर बसवायची रीत शोधली आणि पुढं पारा मागं पडला. शब्द मात्र राहिला.

जुन्या लाकडाच्या वखारीत एक सागवानी चौकट सापडली, आरशासकट. वखारवाला प्रत्येक जुन्या आरशाला "बेल्जियम" म्हणतो, ते कानाआड करायचं. काचेवर नाण्याची कड टेकवा. नाणं आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट जितकी मोठी, काच तितकी जाड. मग खिडकीचे गज आरशात बघत डोकं हळूहळू हलवा. गज पोहायला लागले तर काच सपाट नाही. या आरशातले गज अगदी रंकाळ्यात पोहत होते. आरसा तिथंच ठेवला, चौकट आणली.

ऑक्टोबर

पाऊस ओसरला, कवडसा परत यायला लागला. आता मोठ्या आरशाला हात न लावता दाढीचा छोटा आरसा घेऊन जिन्यात बसलो. तीन रविवार. या अख्ख्या प्रकल्पात सगळ्यात जास्त शिकलो ते या चाळीस रुपयांच्या आरशाकडून.

आरसा सरळ उभा धरला की वरून आलेलं ऊन पुढ्यातल्या फरशीवर आपटतं, माजघरात शिरतच नाही. थोडा मागं कलता केला तर कवडसा उंबऱ्यावरून आत गेला आणि तांदूळ निवडत बसलेल्या आईच्या थेट डोळ्यांवर. सूप खाली, मी जिन्याखाली. अजून कलता केला, तीस अंशांच्या पुढं, आणि कवडसा आढ्याकडं गेला. तिथं मात्र गडबड झाली. डोळ्यांत घुसणारा तो उजेड आमच्या चुलीच्या धुरानं काळ्या झालेल्या फळ्यांनी गिळून टाकला.

फळ्यांना पांढरा रंग द्यायचा म्हटलं तर सागवान, आई ऐकणार नाही. तोडगा तिनंच काढला. "आजी होती तेव्हा इथं छत बांधलेलं असायचं की." माळवदाची माती खाली पडू नये म्हणून जुन्या घरांत आढ्याला कापड ताणत, ते छत. पांढरं मांजरपाट आणलं, धुऊन इस्त्री केलं आणि दोन तुळयांमधला एक खण झाकला. आरसा परत धरला. आता कुठंच चकाकी नाही, पण खोलीभर मऊ उजेड पसरला आणि कोनाड्यातल्या समईवरचं किटण दिसायला लागलं. (त्यावरून आणखी एक रविवार समया घासण्यात गेला.)

तर आरसा नुसता ऊन वळवतो. खोली उजळते ती त्या उन्हासमोर पांढरं काहीतरी धरलं की.

नोव्हेंबर

मोठा आरसा मधोमध कापून घेतला, २ बाय ३ फूट. वखारीतल्या चौकटीत बसवला, मागं हवा खेळायला दोन सूत फट ठेवली. मी उद्यमनगरात पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवतात तिथं, कामाला, त्यामुळं लाकडी घोडी आणि पाचरी घरचंच काम. घोडी जिन्याच्या कट्ट्यावर बसते. कल एका पाचरीनं, वळण दुसऱ्या पाचरीनं. आरसा १ अंश हलला की कवडसा २ अंश हलतो. १२ फुटांवर ते पाच इंच होतात, म्हणून पाचर टिचकीनं सरकवायची, हातोडीनं नाही.

मर्यादाही सांगतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळं छतावरचा कवडसा तासाला तीन फुटांहून जास्त चालतो. कौलातून येणारी तिरीपही आरशावरून सरकत जाते. सव्वा तास छान उजेड, मग संपलं.

१० तारखेला संध्याकाळी अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेलो. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि एकेक दिवस वर चढत देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत जातात. तेच परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. गर्दीत उभा असताना डोक्यात उजेड पडला. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. १० नोव्हेंबर त्याच्या आधी साधारण सहा आठवडे, १ फेब्रुवारी नंतर सहा आठवडे. म्हणजे त्या दोन्ही दिवशी सूर्य आकाशात एकाच वाटेनं जातो, आणि माझ्या आरशालाही तोच कल चालायला हवा. घरी येऊन सकाळच्या जागेवर पाचरींना पेन्सिलनं खूण केली: "१० नोव्हें., १० वा. २०."

डिसेंबर, जानेवारी

दर रविवारी पाचर थोडी सरकवली. एकदा पुतण्याचा चेंडू लागला, चौकटीला टवका उडाला, काच वाचली. कापलेल्या दुसऱ्या तुकड्याचं न्हाणीबाहेर अंग बघायला केलं. पूर्ण दिसायला पूर्ण उंचीचा आरसा लागत नाही, उंचीच्या निम्मा पुरतो. साडेपाच फुटी माणसाला पावणेतीन फूट. फक्त योग्य उंचीवर लावायचा. माझ्या आणि वहिनीच्या उंचीत आठ इंचांचा फरक आहे, तेव्हा तो वाद चालूच.

१ फेब्रुवारी

सुट्टी टाकली. दोन्ही पाचरी नोव्हेंबरच्या खुणेवर आणल्या आणि दहालाच चहा घेऊन माजघरात बसलो. १० वाजून २० मिनिटं झाली, छतावर काही नाही. साडेदहा, नाही. पाचर ओढायला उठलो होतो, तेवढ्यात आठवलं की घड्याळ आणि सूर्य वर्षभर जोडीनं चालत नाहीत. वर्षाच्या सरासरीच्या मानानं नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सोळा मिनिटं पुढं असतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेतेरा मिनिटं मागं. परत बसलो. १० वाजून ५० मिनिटांनी कवडसा मांजरपाटावर आला, नोव्हेंबरमध्ये टाचणी लावून ठेवली होती तिच्यापासून चार बोटांवर.

आईनं सूप पुढं ओढलं, वर बघितलं आणि म्हणाली, "आज उशीर केला की रे त्यानं."