जिप्सीचा खट्ट आवाज अन् वाया गेलेले 11 दिवस

माझी 2006 ची मारुती जिप्सी आहे, फोर-व्हील ड्राइव्हवाली. मागच्या एप्रिलपासून क्लच सोडला की खालून खट्ट, एक्सिलरेटरवरून पाय काढला की परत खट्ट. वर्धा रोडवर सिग्नल-सिग्नलला तेच ऐकून डोकं उठलं होतं. चाकाचे नट, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट, बुश हे सगळं घरीच पाहिलं, टाइट होतं. मग गाडी एका वर्कशॉपला टाकली अन् तिथंच अडकलो.

त्यांनी एक चक्कर मारली अन् सांगितलं की मागचं हाऊजिंग (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा) गेलं, त्यातले क्राऊन-पिनियन गिअर नवे टाका, 28,000 लागतील. मी म्हटलं, भाऊ, आधी शाफ्टचे क्रॉस हातानं हलवून तर पाहा. (शाफ्ट म्हणजे गिअरकडून चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा, अन् क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा.) तर म्हणे, "आवाज मागून येऊन राहिला ना, मग मागचंच काम निघते." अरे पण चेसिस लोखंडाची आहे, आवाज कुठला कुठं जातो! खर्चाला मी हो म्हटलं नाही, फक्त नीट चेक करा म्हटलं, तर आज पाहतो, उद्या पाहतो करत 11 दिवस काढले. रोज ऑफिसातून फोन करायचो. शेवटी गेलो तर गाडी त्याच जागी उन्हात उभी, अन् मीटरवर मी सोडली तेव्हापेक्षा फक्त 2 किलोमीटर जास्त, म्हणजे ती पहिल्या दिवशीची चक्करच. वरून चेकिंगचे 600 घेतले. त्याचा राग अजून गेला नाही.

मग उमरेड रोडवर एक मिस्त्री सापडला, कऱ्हांडल्याच्या जंगल सफारीच्या जिप्स्या दुरुस्त करतो. त्यानं चाकांना विटा लावल्या, शाफ्ट जिथं बोल्टनं जोडतात त्या फ्लँजवर खडूनं खुणा केल्या, मागचा शाफ्ट काढून ठेवला, पुढच्या चाकांचे हब लॉक करून फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकला अन् फक्त पुढच्या चाकांवर गाडी हळू चालवली. खट्ट तसाच! म्हणजे मागचं हाऊजिंगही नाही अन् मागचा शाफ्टही नाही. टू-व्हीलमध्ये, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना असते तेव्हा, पुढच्या शाफ्टवर लोड नसतो अन् आवाज तर तेव्हाही यायचा, म्हणून पुढचं हाऊजिंगही सुटलं. उरलं काय, तर गिअरबॉक्स अन् ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) यांच्यामधला छोटा शाफ्ट अन् ट्रान्सफर केसचे तीन फाउंडेशन, म्हणजे तो डबा ज्यावर बसतो ते रबरी माउंट. त्यानं टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबलं तर एका फाउंडेशनचं रबर लोखंडापासून पूर्ण सुटलेलं, हातभर लांबूनही फट दिसत होती. छोट्या शाफ्टच्या क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी, म्हणजे आत ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया गंजलेल्या. अर्ध्या तासात सापडलं सगळं, मला तर तिथंच हायसं वाटलं.

तिन्ही फाउंडेशन अन् क्रॉस बदलले, आवाज बंद.

हो, मागचा शाफ्ट काढला असताना टू-व्हीलमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून थांबत नाही, म्हणून विटा लावाच. शाफ्ट परत जोडताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते, खडू त्याच्यासाठीच. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय टाकून जोरात फिरवू नका, पुढची-मागची चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत, सगळा ताण शाफ्ट अन् गिअरवर येतो. अन् काम झाल्यावर 500 किलोमीटरनं फ्लँजचे बोल्ट परत आवळून घ्या, माझे दोन थोडे ढिले निघाले.