चपात्या आधी करून ठेवा

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरत येतो. कौलारू घराचं चित्र, आणि खाली मजकूर की पूर्वी सगळं घर एका पंगतीला जेवायचं, आता मोबाइल आले नि सगळं संपलं. त्याखाली काकालोकांच्या हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग लागते. बायका काही लिहीत नाहीत. ‘पूर्वी सगळे एकत्र जेवायचे’ हे वाक्य मी आजवर पुरुषांच्याच तोंडून ऐकलंय. पंगत बसलेली असताना आपण कुठं होतो, हे बायकांना पक्कं आठवत असतं.

माझं गाव कणकवली तालुक्यातलं. मी वाढले भांडुपच्या चाळीत, पण मे महिना आणि गणपती गावी. तिथं आधी पुरुषांची नि पोरांची पंगत माजघरात बसायची. आजी, काकू, आई वाढायला. कुणी म्हणालंच की ‘बस गो तू पण’, तर आजीचं उत्तर ठरलेलं, “तुमी जेवा, मी मागसून जेवतंय.” तळलेल्या बांगड्यांचे मधले तुकडे पहिल्या पंगतीत जायचे. डोकी नि शेपट्या मागच्या पंगतीला. बांगड्याच्या डोक्यालाच खरी चव असते असं आजी ठासून सांगायची, आणि मी कितीतरी वर्षं ते खरं मानत होते. (आजही चोखून खाते. चव असते, पण मधल्या तुकड्यालाही असतेच की.)

मागची पंगत मात्र बसायची ती जवळजवळ तासभर. चुलीपाशीच, पाटाबिटाची भानगड नाही, आमटी संपली असेल तर सोलकढी नि भात. हात वाळून जायचे तरी कुणी उठायचं नाही. गावातली सगळी लग्नं, भांडणं, कुणाची गाय व्याली, कुणाची सून माहेरी गेली, सगळं तिथं निघायचं. मी पोरांच्या पंगतीत जेवून परत या पंगतीत आजीच्या मांडीला टेकून बसायचे. पुरुषांच्या पंगतीत काय बोलणं व्हायचं म्हणाल तर ‘मीठ आण’ आणि ‘पाऊस कधी लागतोय बघूया’. तेव्हा एकत्र जेवण नव्हतंच असं नाही. दोन अर्ध्या घरांची दोन जेवणं होती.

आणि त्यातही आजोबा वर्षातून महिना-दीड महिनाच असायचे. ते गिरणीत, परळला. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची हीच तऱ्हा. पुरुष मुंबईत गावमंडळाच्या खोलीवर, बायकापोरं गावात. खोलीत माणसं पाळ्यांप्रमाणे झोपायची, एक उठून कामाला गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. जेवण खानावळीत, म्हणजे शेजारच्याच चाळीत एखाद्या बाईच्या खोलीत. ती बहुतेक कुणा गिरणी कामगाराचीच बायको. स्वतःचं घर चालवून वर पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक दोन्ही वेळ करायची, उधारीवर किराणा आणायची आणि पगाराच्या दिवसाची वाट बघायची. सावकाराच्या व्याजात या बायका बुडत होत्या म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना गोळा करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. गिरणगावाचा इतिहास सांगताना लोक भोंगे, युनियन, मोर्चे सांगतात. गिरण्यांतल्या त्या अडीच लाख माणसांच्या पोटात सकाळ-संध्याकाळ जे जात होतं, त्याची आठवण फार थोड्यांना येते.

खोली दहा बाय बाराची आणि जेवणारे वीस. मग पाच-सहा जणांची एक खेप. ती जेवत असताना पुढची खेप बाहेर गॅलरीत उभी. बसायचं, भरभर गिळायचं, ताट उचलायचं, उठायचं. आजोबांनी हे तीसेक वर्षं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढं सगळं जे व्हायचं ते झालं. आजोबा गावी परतले ते कायमचे.

आता ते घरातच होते. पुढं कुणी रांगेत नव्हतं. तरी जेवायचे पाच मिनिटांत. आजी दुसऱ्यांदा भात घेऊन यायची तोवर हे हात धुवायला मागीलदारी. मी बघत आलेय ते असंच. आजीला ते लागायचं. एवढी वर्षं वाट बघितली आणि माणूस घरी आला तर समोर बसून चार घास खाण्याइतकाही बसत नाही. ती बोलून दाखवायची, ते हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार माणसांत निवांत बसून जेवणं ही सवय असते. ती लागायच्या वयात लागली नाही तर पुढं घर मोठं मिळून उपयोग नसतो, हे मला आजोबांकडं बघून कळलं. मुलं लहान असताना मी रात्रीच्या जेवणाचा एवढा आग्रह धरला त्याच्या मुळाशी आजोबांची ती पाच मिनिटं आहेत.

लग्न होऊन डोंबिवलीत आले. सासर मूळ कराडकडचं. घरात मासे नाहीत, भाकरी रोज, आणि चपाती असली तर ती तव्यावरून थेट ताटात. सासऱ्यांना डब्यातली चपाती चालायची नाही. मी फोर्टातल्या ऑफिसातून सव्वा तास लोकलमध्ये उभी राहून घरी यायचे आणि पुन्हा ओट्यापाशी उभी. बाहेरच्या खोलीत सासरे, नवरा, दीर जेवतायत, काहीतरी हसणं चाललंय, आणि मला कुकरच्या वाफेत त्यातलं निम्मंच ऐकू येतंय. “काय झालं?” म्हणून विचारलं तर तोवर विषय बदललेला. मग “अजून एक आण गं” एवढंच स्पष्ट ऐकू यायचं.

केंद्र सरकारची २०२४ ची वेळ-वापर पाहणी आहे. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. हा आकडा मी नवऱ्याला जेवताना वाचून दाखवला होता. तो म्हणाला, “मी ८८ च्या वरच असणार.” असेल. पण त्या २८९ मिनिटांतली किती उभ्यानं जातात आणि त्या वेळात बाकीचं घर बसून जेवत असतं का, हे कुठल्या तक्त्यात येत नाही.

आमच्याकडं हे बदललं ते सासूबाईंमुळं. मी बंड वगैरे काही केलं नाही. त्यांचे गुडघे धरायला लागले म्हणून त्या स्वयंपाकघरात माझ्याजवळ स्टूल घेऊन बसायच्या. एका रात्री मी लाटत होते, बाहेर दीर त्याच्या नव्या नोकरीचं काहीतरी सांगत होता, आणि त्या एकदम म्हणाल्या, “माझी अख्खी हयात हितंच गेली बघ. पोरगं काय सांगतंय ते मला कधी कळलंच न्हाई. उद्यापासनं चपात्या आधी करून डब्यात ठेव. आणि जाऊन बस.” सासऱ्यांनी कुरकुर केली. महिनाभर त्यांनी चपाती हातात घेऊन वाकवून बघायची, जणू दुकानदारानं फसवलंय. सासूबाईंनी डब्यात सुती फडकं घालून, वर झाकण अर्धवट ठेवून वाफ जिरवायची युक्ती काढली. मग एकदा तेच म्हणाले, “मऊ राहतात की.” विषय संपला.

म्हणून एकत्र जेवणाबद्दल कुणी मला सल्ला विचारला तर मी मोबाइलचं नाव शेवटी घेते. आधी गरम चपातीचा हट्ट सोडा. सगळं शिजवून, भांडी टेबलावर आणून, मग सगळ्यांनी एकदम बसायचं. ज्याला हवं त्यानं हात लांब करून घ्यायचं. आमटी गार झाली तर झाली. ताटात सगळं वाफाळतं हवं आणि सगळं घरही एकत्र हवं, हे दोन्ही फक्त एका बाईला उभं ठेवूनच जमतं.

सासरे आता नाहीत. आम्ही पाच जण: सासूबाई, आम्ही दोघं, बारावीतला मुलगा, सातवीतली मुलगी. रोज जमतं असं मुळीच नाही. मुलाचा क्लास नऊला सुटतो. सासूबाईंची साखरेची गोळी असते, त्यांना साडेसातला जेवावंच लागतं. त्या भाकरी-भाजी खाऊन घेतात आणि साडेनऊला आम्ही बसलो की वाटीभर ताक घेऊन येऊन बसतात. ते ताक त्या अर्धा तास पुरवतात. नवऱ्याची दुसरी पाळी असते त्या आठवड्यात तो साडेअकराला येतो. मी त्याच्यासाठी उपाशी थांबत नाही, सासूबाईही आता ‘थांब’ म्हणत नाहीत. पण तो जेवत असताना कुणीतरी शेजारी बसायचं, हे कसं कोण जाणे अंगवळणी पडून गेलंय. बहुतेक वेळा मुलगा बसतो. त्या दोघांत फारसं बोलणं होत नाही, क्रिकेट आणि ‘लोणचं दे’. तरी बसतो.

जेवताना ‘आज शाळेत काय झालं’ असं विचारून काही हाती लागत नाही, हेही सांगून ठेवते. ‘काही नाही’ एवढंच उत्तर मिळतं. माणसं बोलतात ती भलत्याच वेळी. मुलानं फिजिक्समध्ये नापास झाल्याचं सांगितलं ते वरणात लिंबू पिळता पिळता, आमच्याकडं न बघता. समोर बसवून विचारलं असतं तर त्याला तोंड वर करून उत्तर द्यावं लागलं असतं. ताटात बघायची सोय होती म्हणून निघालं. नवऱ्याचा घास हातातच राहिला, पण सासूबाई म्हणाल्या, “आधी जेव. मार्क काय पळून जात न्हाईत,” आणि वादावादी निदान भात होईपर्यंत पुढं ढकलली गेली. भात झाल्यावर ती झालीच, व्यवस्थित झाली.

काही गोष्टी कुणी न सांगताही कळतात. रविवारी सासूबाई आमच्याबरोबरच जेवतात. त्या काकडीची कोशिंबीर उजवीकडून डावीकडं सरकवत राहतात, भाकरीचा कडक पदर काढून ठेवतात, हे मुलीनं पाहिलं. “आज्जी, तुला चावता येत नाही का?” कवळी हिरडीला लागत होती आणि त्या कितीतरी दिवस ‘भूक न्हाई’ म्हणून वेळ मारून नेत होत्या. दुसऱ्याच दिवशी दाताच्या डॉक्टरकडं नेलं.

टीव्ही मात्र आमच्याकडं बंद असतो, आणि त्यात तत्त्व वगैरे काही नाही. मालिकांमधली कुटुंबं अख्खी संध्याकाळ डायनिंग टेबलाभोवती बसलेली असतात, समोर सहा वाट्या, आणि एकही माणूस घास गिळत नाही. कुणीतरी खुर्ची मागं सारून उठतं, कुणीतरी रडतं. मुलगी विचारायला लागली की एवढं अन्न मग कोण खातं. त्यावर सासूबाई रोज हळहळायला लागल्या, त्यापेक्षा बंद बरा.

अगदीच थकून आले की मी स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून चपात्या घेते. डोंबिवलीत अशी केंद्रं पावलोपावली आहेत. आमच्या नात्यातल्या एक-दोघींना हे खटकतं. ‘घरच्या हाताची चव’ वगैरे. मला नाही खटकत. विकतच्या चपात्या नि घरची आमटी घेऊन पाच माणसं बसली, तर त्यात उणं काय ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

केंद्र चालवणारी बाई माझ्याच वयाची, मालवणकडची निघाली, त्यामुळं आमचं थोडं बोलणं होतं. सात ते नऊ या वेळात तिचे हात थांबत नाहीत. आमच्यासारख्यांची ताटं वेळेवर भरतात ती तिच्या उभं राहण्यावर. खानावळवालीचंच काम, फक्त आता जेवणारे तिच्या खोलीत येत नाहीत, पिशवी घेऊन जातात. मी एकदा विचारलं, तू कधी जेवतेस?

“साडेदहा-अकराक. शटर ओढून घराक गेल्यार. पोरां झोपलेली असतत.” तिनं माझ्या दहा चपात्या कागदात गुंडाळल्या, पैसे गल्ल्यात टाकले. मला काय बोलावं सुचेना. मागं लोक ताटकळलेले.

“पण आयतवारी बंद ठेवतंय मी,” ती पुढच्या माणसाकडं बघत म्हणाली. “आयतवारी मी लाटण्याक हात लावूचंय नाय. घोव भात लावता, झील मासे आणता. आणि चपाती कोणी मागली, तर सांगतंय, जा, इकत घेवन ये.”