कोमी-सान जपानीतून: पहिला खंड संपला

रविवारी रात्री पहिला खंड संपवला. रोज चार-पाच पानं करत सहा आठवडे लागले. ओदा तोमोहितो यांची ही मांगा (जपानी चित्रकथा) मालिका 'शोनेन संडे' साप्ताहिकात २०१६ ते २०२५ चालली. तिथे प्रत्येक कांजीशेजारी (चिनी चित्रलिपीतलं अक्षर) फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी छोटी अक्षरं, असतात, म्हणून माझ्यासारख्या एन-४ वाल्याने (जपानी परीक्षेची खालून दुसरी पातळी) हात घालायचं धाडस केलं.

शाळा जिला देवीसारखं पूजते, त्या कोमी शोकोच्या तोंडून शब्दच फुटत नाही आणि तिला १०० मित्र जोडायचे आहेत. संवाद कमी म्हणजे वाचन सोपं, असं वाटलं होतं. पण ती गप्प असते तेव्हा चित्रातले ध्वनिशब्द बोलतात, आणि मी सुरुवातीला नेमके तेच सोडून पुढे जात होतो.

तिसऱ्या आठवड्यात वहीत ध्वनिशब्दांसाठी वेगळं पान केलं. बुरुबुरु म्हणजे थरथर. दोकिदोकि म्हणजे धडधड. हिसोहिसो, कुजबुज. मोजिमोजिला माझ्या इंग्रजी शब्दकोशात दीड ओळ खर्ची पडलीय. मराठीत चुळबुळ म्हटलं की झालं! आपल्याकडे हा खजिना घरचाच आहे, त्यामुळे मराठी वाचकांनी इंग्रजी आवृत्तीच्या वाटेने जाऊच नये असं माझं ठाम मत झालंय. फक्त 'शीन'वर मी अजून अडलोय. सगळा वर्ग एकदम गप्प होतो, त्या शांततेचा हा आवाज. 'शुकशुकाट' रिकाम्या रस्त्याला शोभतो, माणसांनी भरलेल्या वर्गाला नाही. कुणाला चपखल शब्द सुचला तर जरूर सांगा.

नावांतल्या कोट्याही आता कळायला लागल्यात. कोमीचा वर्गमित्र तादानो हितोहितो याच्या नावामध्ये 'तादा नो हितो', म्हणजे साधासुधा माणूस, दडलाय. त्यांच्याच वर्गातल्या ओसाना नाजिमीचं नाव 'ओसानानाजिमी', म्हणजे बालमित्र, या शब्दावरून. या नाजिमीने मात्र मराठी टिपणं लिहिताना घाम फोडला. अंगात स्कर्ट, गळ्यात मुलांचा टाय. मुलगा की मुलगी, हे लेखक उघड करत नाहीत. जपानी क्रियापदाला त्याने काही फरक पडत नाही, आपल्याला 'आला' की 'आली' ठरवावंच लागतं. शेवटी 'नाजिमी आलं' असं लिहिलं, घरातल्या लाडक्या पोरासारखं. शोभतंय.

दुसरा खंड उघडण्याआधी पहिलं प्रकरण पुन्हा वाचणार आहे. रिकाम्या वर्गात तादानो खडूने फळ्यावर लिहितो, कोमी खडू उचलते, आणि बघता बघता फळा भरतो. पहिल्या वेळी तिथे मी दर ओळीला शब्दकोश उघडला होता. या खेपेला तो मिटून ठेवणार.