खांद्याच्या नोंदीत काय लिहिलेले असावे

सांगलीत बसून मी अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींना कोड, म्हणजे आजारासाठी ठरलेला सांकेतिक क्रमांक, देते. ‘रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा) फाटला आहे’ एवढे वाक्य रुग्णाला पुरेसे वाटेल. कोड देणाऱ्याला मात्र खांदा उजवा की डावा, कंडरा अर्धवट फाटली की पूर्ण, आणि कारण दुखापत की झीज, ही तिन्ही उत्तरे लागतात. उजव्या खांद्याची कंडरा दुखापतीशिवाय पूर्ण फाटली असेल तर आजारांना कोड देण्याच्या तेथील आयसीडी-१०-सीएम पद्धतीत एम७५.१२१ हा कोड येतो, अर्धवट फाटली असेल तर एम७५.१११, पण तीच पडल्यामुळे फाटली असेल तर एस४६.०११ घेऊन त्यापुढे सातवे अक्षर जोडावे लागते, ज्यावरून सक्रिय उपचार चालू आहेत की रुग्ण बरा होण्याच्या टप्प्यात आहे, हे कळते.

एमआरआयमध्ये फाटलेली कंडरा दिसते आणि डॉक्टरांच्या टिपणात नुसती ‘खांदेदुखी’ असते, तेव्हा अंदाज न बांधता डॉक्टरांकडे लेखी विचारणा करावी, आणि तिच्यात अपेक्षित उत्तर सुचवू नये, याबाबत मी फार काटेकोर आहे.

आपल्याकडेही अशा नेमक्या नोंदीची तितकीच गरज आहे, असे मला मनापासून वाटते. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल मिरजेला दाखवायला जातो, तेव्हा पोते उचलताना अचानक कळ आली की हात हळूहळू वर जाईनासा झाला, हे त्याच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी, खांद्याच्या बाजूसह, लिहिले जावे.