छातीवर ठेवलेली करवंटी

आज उत्तर थायलंडमधल्या च्यांग माई शहरात थापे दरवाज्याजवळच्या रविवारच्या बाजारात फिरत होतो. खरं तर पोटात कावळे ओरडत होते, पण एका आजोबांपाशी पाय थांबले ते थांबलेच.

हातात पिन पिया, तिथलं तंतुवाद्य. लांब दांडी, मोजक्या तारा आणि खाली नारळाची अर्धी करवंटी. आजोबांनी शर्टाची बटणं सोडली आणि करवंटी उघड्या छातीवर टेकवली. म्हणजे सूर घुमवणारी पोकळी अर्धी नारळाची, अर्धी माणसाची! करवंटी छातीवर दाबली की सूर आत दबतो, जरा उचलली की उमलतो. उजव्या हाताच्या एका बोटानं तार छेडायची आणि त्याच क्षणी दुसऱ्या बोटानं ती नेमक्या जागी हलकेच शिवायची. मूळ सूर विरतो, त्याच तारेतून आपोआप उमटणारा वरचा स्वयंभू स्वर घंटेसारखा उरतो. आवाज इतका बारीक की शेजारच्या स्कूटरनं दोनदा गिळला. पूर्वी तरुण पोरं रात्री मुलींना रिझवायला हे वाजवत म्हणे. तेव्हा स्कूटर नव्हत्या, हे बरंच.

मला आपली आलापिनी वीणा आठवली. तीही छातीशी धरून वाजवायची. १३व्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेव या संगीतशास्त्रकारानं तिचं वर्णन केलंय. ‘पिन’ हा शब्दही ‘वीणा’वरूनच आलेला.

पुढच्या कोपऱ्यावर ‘सॉ’ गायन चालू होतं. बाई आणि बुवा समोरासमोर, आयत्या वेळी रचलेले सवाल-जवाब, साथीला पी चुम नावाच्या बांबूच्या पुंग्या. वादक गाल फुगवून नाकानं श्वास घेतात, त्यामुळे सूर तुटतच नाही. शब्द एक कळला नाही, पण बाईंनी बुवांना कुठे गप्प केलं ते बरोबर कळलं.

जेवण मात्र राहिलंच.