उचल आणि पोटगी

बीड जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात मी वकिली करते. विधी सेवा समितीच्या पॅनलवर आहे, त्यामुळे पोटगीची प्रकरणं सतत हाताखालून जातात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला आणि मुलांना उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. आदेशही उशिरा का होईना, होतो. खरं घोडं अडतं ते वसुलीत. त्यातल्या एका दिवसाबद्दल लिहायचं आहे. माणसांची नावं घेत नाही आणि ओळख पटेल असे तपशील वगळते.

बाई तिशीतली. दोन मुलं, थोरला तेरा वर्षांचा, मुलगी नऊची. नवरा ऊसतोड कामगार. लग्नानंतर दहा हंगाम तीही त्याच्याबरोबर फडात गेली होती. मारहाण सहन होईना तेव्हा मुलांना घेऊन माहेरी आली आणि शेतात रोजाने जाऊ लागली. अर्ज 2022 सालचा, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली आणि तेच कलम 144 झालं, पण आमच्या आवारात अजून सगळे ‘एकशे पंचवीस’च म्हणतात. आदेश झाला तो असा: तिला महिना 1,500 आणि मुलांना प्रत्येकी 1,000. एकूण 3,500. एकदा 5,000 भरले आणि त्यानंतर काहीच आलं नाही. अकरा महिन्यांचे 38,500 थकले तेव्हा आम्ही वसुलीचा अर्ज टाकला. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या महिन्यांचं वॉरंट निघत नाही. कितीतरी बायकांचे पैसे या एका अटीपायी बुडतात, कारण ती त्यांना कुणी सांगतच नाही.

वॉरंट निघालं. पोलीस ठाण्यातून अहवाल आला: सदर इसम मिळून आला नाही, ऊसतोडीस गेला आहे. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. आमच्या भागात दिवाळीच्या आगेमागे गावंच्या गावं रिकामी होतात, माणसं सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागला की परततात. परत आल्यावरही तो सापडला नाही, कारण तोवर वॉरंटची मुदत संपली होती आणि नवं काढायला पुढची तारीख होती.

शेवटी वेळ ठरवली ती बाईनेच. म्हणाली, “ताई, आता वारंट नका काढू. गणपती उठले की मुकादम उचल वाटतो. तवा धरा. तवाच त्याच्या हातात पैसा आसतो.” मुकादम म्हणजे तोडणीची टोळी जमवणारा.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोड कामगाराला महिन्याचा पगार नसतो. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम त्याला एकरकमी आगाऊ पैसे देतो, ती उचल. मग पाच-सहा महिने टनावर तोडणी होते आणि ती उचल फिटत जाते. शेवटी हिशेब होतो. उचल पुरी फिटली नाही, म्हणजे अंगावर फिरली, तर ती बाकी पुढच्या वर्षी. आणि नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. बायको निघून गेली की नवरा अर्धा कोयता होतो, त्याची उचलही त्याच हिशेबाने उतरते. पोटगीच्या अर्जातला रकाना मात्र विचारतो: सामनेवाल्याचे मासिक उत्पन्न किती?

सप्टेंबरमध्ये पोलिसांनी त्याला बरोबर आणला. सकाळी अकराच्या सुमाराला बाकावर बसवलेला होता, पायात रबरी चपला, शर्टाच्या खिशात मोबाइल. त्याला वकील नव्हता. ताब्यातल्या माणसालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे म्हणून न्यायाधीश साहेबांनी पॅनलवरच्याच एका तरुण वकिलाला उभं केलं. पुकारा झाला आणि त्याच वेळी दारातून एक माणूस आत आला, हातात लांबट वही. तो मुकादम होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण त्याचा माणूस आत गेला असता तर दिलेले 50,000 अडकले असते आणि टोळीत एक कोयता कमी पडला असता.

साहेबांनी नवऱ्याला समजावलं. प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, ते तसंच राहतं; सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर प्रकरणात हे स्पष्ट केलेलं आहे. त्याने मान खाली घातली. “साहेब, आर्धा कोयता हाय मी. पन्नास दिले, त्यातले चौदा मागच्या बाकीत कापले. बापाच्या दवाखान्याला सहा गेले. बाकी हायत.”

तिथे मुकादम पुढे झाला. वही उघडून म्हणाला, “साहेब, सगळी रक्कम मी भरतो. आत्ता भरतो. याच्या नावावर लिहून घेतो, हंगामात फिटंल.”

खरं सांगते, मला हायसं वाटलं. 38,500 रुपये एका दिवसात, तेही न्यायालयात! पोटगीच्या प्रकरणात असा दिवस फार क्वचित उगवतो. समोरचे वकीलही खूश. पुरसीस, म्हणजे दोन्ही बाजूंचं लेखी निवेदन, लिहायला कागद काढलेला होता. मी बाईकडे वळून विचारलं, चालेल ना?

ती उठली आणि थेट साहेबांशी बोलली. “न्हाई चालत. ह्याच्या आंगावर आजून उचल चढवू नका. ती एकट्या आर्ध्या कोयत्यानं फिटत न्हाई. मंग पुढल्या साली ह्यो माझ्या पोराला फडात न्येतो. तेरा वर्साचा हाय. कोयता धरायला येतोय त्याला.”

कोर्टात कुणीच काही बोललं नाही. मुकादमाने वही मिटली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला नाही की असं होणार नाही.

तिने मागितलं ते इतकंच: हातात आहेत त्या 30,000 तले 18,000 आज द्यावेत. उरलेल्यातून त्याने म्हाताऱ्याचं आणि स्वतःचं हंगामभर भागवावं. राहिलेले 20,500 हंगाम उठल्यावर, हिशेबाच्या दिवशी, तिच्या खात्यात. आणि इथून पुढे दर महिन्याची रक्कम चढत राहील, पण ती वर्षातून दोनदा घ्यायला ती तयार आहे: एकदा उचलीला, एकदा हिशेबाला. शिवाय मुलगा फडात जाणार नाही हे लिहून हवं होतं.

दोन्ही वकिलांनी मिळून पुरसीस लिहिली. मुलाबद्दलची अट पोटगीच्या वसुलीत कशी घालायची यावर समोरच्या वकिलाने शंका काढली, ती रास्त होती. साहेबांनी रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, नवऱ्याचं निवेदन म्हणून ती नोंदवून घेतली. 18,000 त्याने गावातल्या भावाकरवी आणवले, चारच्या आत जमा झाले, आणि वॉरंट हिशेबाच्या महिन्यापर्यंत स्थगित झालं.

मी बापांची कड घेत नाहीये. जमीन भावाच्या नावावर करून ‘मी बेरोजगार’ म्हणणारे, गाडीतून येऊन पोटगीला नाही म्हणणारे मी भरपूर पाहिले आहेत. त्यांच्याविरुद्ध 4 नोव्हेंबर 2020 चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल मोठं हत्यार आहे. प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. त्याने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरवलं. पण त्या शपथपत्रात उचल कुठे लिहायची? ती उत्पन्न आहे की कर्ज? माझं मत विचाराल तर ती दोन्ही आहे, आणि मुलाचा वाटा ती हातात पडेल त्याच दिवशी निघाला पाहिजे. माणसाला कामाशी बांधून ठेवणारी आगाऊ रक्कम 1976 च्या वेठबिगार कायद्याने बेकायदा ठरू शकते हेही मला माहीत आहे. मात्र त्या दिवशी कायद्याचं ते कलम कुणाच्या तोंडी नव्हतं. धोका ओळखला होता तो एकट्या तिने.

अमेरिकेत 1975 पासून मुलांच्या पोटगीची सरकारी यंत्रणा आहे, पगारातून थेट कपात होते. तरीही गरीब बापांच्या डोक्यावर न फिटणारी थकबाकी साचली, म्हणून 2016 च्या अखेरीस तिथे नियम आला की आदेश काढताना प्रत्यक्ष ऐपत बघा आणि तुरुंगात असलेला माणूस मुद्दाम बेकार राहिला आहे असं समजू नका. जर्मनीत बाप देत नसेल तर सरकार आधी मुलाला देतं आणि नंतर बापाच्या मागे लागतं. आपल्याकडे पोटगी ही नवराबायकोची भांडणं म्हणून सोडून दिलेली आहे. मुलाच्या ताटात किती पडलं हे कुणीच पाहत नाही. आपल्याकडे योजना आहेत, त्या पोटगीशी जोडलेल्या नाहीत इतकंच. बालसंगोपन योजनेत एका पालकाजवळ राहणाऱ्या मुलाला महिना 2,250 मिळू शकतात, पण बाल कल्याण समितीचा आदेश लागतो आणि समिती बसते जिल्ह्याच्या गावी. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या बाईचा विचार आहे, मात्र उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 ची. शेतात रोजाने जाणारी बाई ती अट सहज ओलांडते. वसुलीचा अर्ज दाखल होतो त्याच टेबलावर या दोन्ही योजनांचे फॉर्म का ठेवता येऊ नयेत, हे मी आमच्या समितीच्या बैठकीत मांडलं आहे.

त्या दिवसानंतर मी मुलांचे बालसंगोपनचे अर्ज स्वतः भरून दिले. पोरगं गावातच शाळेत आहे, नववीत जाईल. हिशेबाच्या वेळी 20,500 पैकी 12,000 आले. सततच्या पावसाने तोडणी लांबली होती आणि मधल्या काळात तो आजारी पडला, हे मुकादमाने फोनवर सांगितलं. बाईने खात्री करून घेतली आणि उरलेल्या 8,500 साठी पुढच्या उचलीपर्यंत थांबायला तयार झाली. वर्षाची मुदत मोजून नव्याने चढलेल्या महिन्यांच्या रकमेचा अर्ज मी आधीच दाखल करून ठेवला आहे.