ओवी, पियानो आणि आयरिश भिक्षू
ओवीला पियानोची साथ लिहिताना मी वारंवार ज्या रचनेकडे वळतो, ती म्हणजे अमेरिकी संगीतकार सॅम्युएल बार्बर यांची ‘हर्मिट साँग्ज’ ही दहा गाण्यांची मालिका. ८व्या ते १३व्या शतकांतील आयरिश भिक्षू व विद्वानांनी, पुष्कळदा हस्तलिखितांच्या समासात, लिहिलेल्या कविता बार्बर यांनी इंग्रजी भाषांतरांतून घेतल्या. आणि ३० ऑक्टोबर १९५३ रोजी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लिओंटिन प्राइस यांनी ही गाणी प्रथम गायली, तेव्हा पियानोवर स्वतः बार्बर होते.

या गाण्यांच्या स्वरलिपीत तालाचा अंकच, म्हणजे प्रत्येक भागात किती मात्रा हे सांगणारी खूणच, लिहिलेली नाही. संगीत शब्दांच्या वजनाने पुढे सरकते. ज्ञानेश्वरीतील ओवीच्या चरणांनाही अक्षरसंख्येचे कडक बंधन नसल्यामुळे मला ही वाट जवळची वाटते, कारण चार-चार मात्रांच्या चौकटीत बसवली की ओवी कृत्रिम होते. (अभंगाला भजनी ठेका शोभतो, हे मान्यच.)

श्रद्धेचे गाणे गंभीरच असावे, हा समजही येथे टिकत नाही. क्रूसावरील येशूच्या यातनांकडून त्याच्या आईच्या दुःखाकडे वळणारे गाणे या मालिकेत आहे, तसाच आपल्या मांजरासोबत सुखाने अभ्यास करणारा भिक्षूही आहे. तेथे शेजारचे स्वर मुद्दाम एकत्र वाजतात, मांजर पट्ट्यांवरून चालावे तसे.

पियानोवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, निघत नाही, म्हणून ती मी पूर्णपणे गळ्याकडे सोपवतो आणि साथीला मंद्र (खालच्या) सप्तकातले मोजकेच स्वर ठेवतो.